कलामहर्षी बाबूराव पेंटर

गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी आटोपली, की झाडीपट्टीतील गावोगावी नाटकांचे दिवस येतात. मंडपात रात्रभर नाटक रंगते. प्रेक्षकांसमोर रंगविलेले पडदे उलगडतात. कधी राजवाडा दिसतो, कधी घनदाट अरण्य. पडद्यावरील चित्र पाहताच मंडपात बसलेला मनुष्य क्षणात दुसऱ्या काळात जाऊन पोहोचतो. चित्राचे हे सामर्थ्य ज्यांनी पुरते ओळखले, अशा कलावंतांत कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे स्थान फार वरचे आहे.

बाबूरावांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. त्यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे; त्यामुळे हत्यारे व रंग यांची ओळख त्यांना घरातच झाली. शाळेतील शिक्षण बेताचेच होते. नात्यातील आनंदराव मेस्त्री यांच्यासह ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले. त्या पडद्यांची कीर्ती एवढी पसरली, की लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले आणि तेच त्यांचे आडनाव होऊन बसले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट प्रसिद्ध झाला. आपणही हलती चित्रे निर्माण करावीत, या ध्यासाने या दोघांना घेरले. त्यासाठी लागणारा कॅमेरा त्यांच्यापाशी नव्हता, म्हणून तो स्वतःच घडविण्याचे त्यांनी ठरविले. १९१६ साली आनंदराव निवर्तले. दुःख गिळून बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते काम तडीस नेले. गायिका तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाहाय्य केले आणि ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. तिचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली पुण्यात झळकला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

बाबूरावांनी पुराणकथांप्रमाणेच लोकांच्या मनात वसणाऱ्या इतिहासालाही रूप दिले. १९२३ च्या ‘सिंहगड’ या मूकपटात त्यांनी तानाजीचा पराक्रम पडद्यावर आणला व शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः केली. रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. त्या काळी ही गोष्ट नवीनच होती. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये मात्र राजाही नाही आणि किल्लाही नाही. कर्जापायी जमीन गमावलेला एक शेतकरी गाव सोडून शहरात जातो व गिरणीत मजूर होतो, एवढीच ती कथा. या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. वीरांच्या स्मृतीइतकेच गरिबाचे दुःखही जपण्याजोगे असते, हे बाबूरावांनी जाणले होते.

पुढे कंपनी बंद पडली. बाबूरावांनी नंतर काही बोलपटही केले. परंतु त्यांचे मन चित्रकलेत व शिल्पकलेत अधिक रमले. त्या काळी कोल्हापुरातील एका चौकात विल्सन या इंग्रज गव्हर्नरचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीच्या काळात भागीरथीबाई तांबट व जयाबाई हविरे या दोन धाडसी स्त्रियांनी तो विद्रूप केला. त्याच जागी १९४५ साली शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला. तो घडविला बाबूरावांनी. परक्या सत्तेची खूण गेली आणि लोकांच्या स्वतःच्या स्मृतीला भर चौकात स्थान मिळाले. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे निधन झाले. चौकातील पुतळा मात्र आजही येणाऱ्याजाणाऱ्यांस दिसतो.

त्यांच्या मूकपटांच्या नशिबी हे भाग्य नव्हते. त्या काळच्या फिती चटकन पेट घेत आणि कालांतराने आपोआप कुजतही. शिवाय जुना चित्रपट जपून ठेवावा, असे फारसे कोणास वाटले नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर बहुतेक मूकपट नाहीसे झाले होते. १९२५ चा ‘सावकारी पाश’ही आज पाहावयास मिळत नाही. बाबूरावांनी १९३६ साली तीच कथा बोलपटाच्या रूपाने पुन्हा सांगितली. पण मूळ मूकपट गेला तो गेलाच.

स्मृतीला रूप देणे हे कलावंताचे काम होय. ते रूप सांभाळणे हे मात्र सर्वांचे काम आहे. आपल्या गावातील जुना पडदा, देवळाच्या भिंतीवरील चित्र किंवा वृद्धांच्या ओठांवरील गाणे यांकडे या दृष्टीने पाहावे. ती एकदा हरपली, तर कोणत्याही मोलाने परत मिळत नाहीत.

शब्दार्थ
तडीस नेणे – पूर्ण करणे. निवर्तणे – मरण पावणे. विद्रूप करणे – रूप बिघडविणे.

स्वाध्याय
१. बाबूरावांना ‘पेंटर’ हे नाव कसे मिळाले?
२. ‘सिंहगड’ व ‘सावकारी पाश’ यांच्या विषयांत कोणता फरक आहे?
३. पुतळा टिकला, परंतु मूकपट नाहीसे झाले. याची कारणे लिहा.
४. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या कलावस्तूची माहिती वडीलधाऱ्यांस विचारून दहा ओळींत लिहा.