आधी १०८, मग मुंबई

चहा पिता पिता आजीच्या हातातली बशी कलंडते, चहा लुगड्यावर सांडतो आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. तोंड एका बाजूला ओघळलेलं दिसतं. आपल्या आचरा गावात अशा वेळी घरातून पहिलं वाक्य येतं, ‘जरा पडान रव, बरा वाटात.’ मग मुंबईला मुलाला फोन लागतो. तो म्हणतो, ओळखीच्या डॉक्टरांना विचारून सांगतो. त्याची काळजी खरी असते, पण या विचारपुशीत तास-दीड तास निघून जातो आणि पक्षाघातात नेमका तोच वेळ मोलाचा असतो.

‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो तेव्हा बिघाड हातापायांत नसतो, मेंदूत असतो. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते, नाहीतर फुटते. मोठी वाहिनी तुंबली तर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. मोठी गुठळी मांडीतून नळी घालून काढतात, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही. पण ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे. आचऱ्याहून कणकवली किंवा ओरोस गाठायला तासभर लागतो, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला तीनेक तास. साडेचारातून हे वजा करून बघा.

म्हणून ओळखायचं घरातल्यांनीच. हसायला सांगा, तोंड वाकडं होतंय का बघा. दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा, एक आपोआप खाली येतोय का बघा. ‘आज दर्या शांत आसा’ एवढं म्हणायला लावा. जीभ अडखळली, शब्द भलतेच आले किंवा आपलं बोलणंच त्यांना कळेना, तर शंका धरा. अचानक झोक जाणं, एका डोळ्याने दिसेनासं होणं, कधी नव्हे इतकं डोकं ठणकणं हीही लक्षणं असू शकतात. यातलं एकही अचानक दिसलं तर रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.

आणि घड्याळ बघा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहा. झोपेतून उठताना लक्षणं दिसली तर रात्री झोपतानाची वेळ धरतात. रुग्णालयात पहिला प्रश्न हाच येतो आणि बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही, हे मला फार टोचतं.

गाडी येईपर्यंत पाणी, पेज, गोळी काहीही तोंडात घालू नका. गिळणं बिघडलेलं असलं तर ते श्वासनलिकेत जातं. ॲस्पिरिन तर नकोच, कारण वाहिनी तुंबली की फुटली हे सीटी स्कॅनशिवाय डॉक्टर असूनही मला सांगता येत नाही. बीपी उतरवायला जिभेखाली गोळी ठेवू नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा. ग्रामदैवत रामेश्वराला गाऱ्हाणं जरूर घाला, पण ते घालायला एकजण मागे राहूदे, गाडी थांबवू नका.

एक काम आजच करा. सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दोन्ही चोवीस तास जवळ कुठे मिळतं, ते आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून भिंतीवर लिहून ठेवा. मुंबईकरांनो, ‘मला विचारू नका, आधी गाडी बोलवा’ हे आईवडिलांना तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून आलं तर ते ऐकतील.

लक्षणं दहा मिनिटांत विरली तरी घरी थांबू नका. पुढच्या दोन दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका सर्वात जास्त असतो.

हा शहरी आजार नव्हे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा पक्षाघात पहिल्या क्रमांकावर निघाला. सातातला एक मृत्यू त्याचा होता. त्यातले बहुतेक जण घरीच दगावले.

या आजाराच्या मुळाशी बहुधा बीपी असतं. ते दुखत नाही, म्हणून गोळी सुटते. ‘नॉर्मल आलं म्हणून बंद केली’ हे मी रोज ऐकतो. नॉर्मल आलं ते गोळीमुळेच. १४०/९० च्या वर वारंवार जात असेल तर उपचार हवाच. दिवसाला सगळं मिळून चमचाभर, ५ ग्रॅम मीठ पुरे. पेजेसोबतचा खारा बांगडा, लोणचं, पापड यांतच ते संपतं. सुकी मासळी भिजवून, ते पाणी फेकून घ्या आणि रोज नको. मशेरी सोडा, विडीही. मधुमेह आटोक्यात ठेवा. नाडी वेडीवाकडी लागत असेल तर ईसीजी काढा. गावपळणीला गाव सोडून तीन दिवस राहुटीत जाताना गोळ्यांचा डबा सामानात आधी ठेवा.

ज्यांना झटका येऊन गेलाय त्यांना बसवून, हळूहळू भरवा. लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. कबुतराचं रक्त चोळून काही होत नाही. फिजिओथेरपी पहिल्या आठवड्यातच, डॉक्टरांना विचारून सुरू करा.