सुकतीला खाडीत उतरण्याआधी

पोरांनो, वाघोटणच्या खाडीतल्या जुन्या खुणांची नोंद करायला निघालायत, बरं वाटलं. गिर्येची खडक फोडून केलेली गोदी सगळ्यांना ठाऊक आहे. विजयदुर्गाजवळच्या पाण्यातले दगडी नांगर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी शोधले. पण ते येणार चार दिवस. बारा महिने खाडी बघणारे आपणच. म्हणून काही गोष्टी सांगून ठेवतो.

आधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यापुढे सहा तासांनी सुकती. खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा येतं, हेही धरा. भांगाच्या दिवसांत जाऊ नका, पाणी पुरेसं उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन दिवस उत्तम. तेव्हा सुकती सकाळी सात-साडेसातची, आणि तिरप्या उन्हात दगडावरची छिन्नीची खूणही उठून दिसते.

दगडी नांगर ओळखायला शिका. एक जात लांबट चौकोनी खांबासारखी असते. वर दोरासाठी गोल भोक, खाली लाकडी फाळ घालायला दोन चौकोनी भोकं, एक उभ्या बाजूला तर दुसरं आडव्या. असा दगड पाण्यातच असेल असं नाही. गावातल्या पायऱ्या आणि होडी बांधायचे खुंटही बघून या.

काही उचलू नका. तरुणपणी मी चिखलातली एक जुनी फळी घरी आणून पडवीत ठेवली होती. आठवड्याभरात सुकून आक्रसली, चिरफाळली, शेवटी चुलीत गेली. कुठली होती, किती खोल होती, आज सांगता येत नाही. म्हणून आधी फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग मोबाईलवरचं ठिकाण, उत्तर दिशा, तारीख, वेळ. मोबाईल बंद पडला तर दोन खुणा एका रेषेत धरा, देऊळ आणि त्यामागचा माड, तशीच दुसरी जोडी दुसऱ्या बाजूला. आपले लोक जाळं अडकायची जागा अशीच लक्षात ठेवतात. त्या जागा त्यांना विचारा, तिथे खाली काहीतरी आहे. नाणी-दागिने मिळाले तर 1878 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

दिसेल तेवढंच लिहा. 1756 साली इथे तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, हे खरं. म्हणून प्रत्येक काळं लाकूड आरमाराचं होत नाही. ‘लाकूड, दोन हात लांब, तीन लोखंडी खिळे’ एवढं पुरे. ऐकलेली गोष्ट वेगळ्या रकान्यात, सांगणाऱ्याच्या वयासकट.

एकट्याने उतरू नका. पाणी फिरलं की काम अर्धं टाकून वर या, तिवरांतला चिखल पाय सोडत नाही.

येत्या द्वितीयेला साडेसातची सुकती आहे. सहाला धक्क्यावर या. जुने बूट घाला, कालवं पाय कापतात.