तीन लेन्स, एक भिंत

जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या लेन्स आता मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यांवर पुन्हा वापरात आल्या आहेत. जुन्या बाजारात त्या मिळतात, माळ्यावरच्या पेटीतही सापडतात. हातात दोन-तीन आल्या की यातली बरी कोणती हा प्रश्न येतोच. प्रयोगशाळेशिवाय त्याचं उत्तर मिळेल का? जुन्नरमध्ये राहणारे, लग्नाचे फोटो काढण्यात हयात घालवलेले मामा आणि घोडेगावला शिकणारी त्यांची भाची यांच्यातला हा संवाद. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात उन्हाळ्यात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करून वाळवणाऱ्या बायकांचे फोटो भाचीला काढायचे आहेत.

भाची : मामा, या तीन लेन्सपैकी सगळ्यात चांगली कोणती, ते एकदा सांगून टाका.

मामा : कशासाठी ते तू सांग, मग मी सांगतो. पण त्याआधी समोर काय आहे ते नीट बघ. ही चपटी, आत ढकलता येणारी रशियन इंडस्टार-२२, ५० मिलिमीटर, एफ ३.५. ही दुसरीही रशियनच, ज्युपिटर-८, ५० मिलिमीटर, एफ २. आणि ही जपानी कॅनन, ५० मिलिमीटर, एफ १.८. तिघींचा आटा एकच, ३९ मिलिमीटरचा, लायका कंपनीने रूढ केलेला.

भाची : रेंजफाइंडर म्हणजे खिडकीतून दोन प्रतिमा दिसतात, तोच ना?

मामा : तोच. कॅमेऱ्याच्या दोन टोकांना दोन खिडक्या असतात. दोन्हींतून आलेली चित्रं एकाच ठिकाणी दिसतात. लेन्स फिरवली की एक चित्र सरकतं, आणि दोन्ही एकमेकांवर बसली की फोकस झाला. १९३२च्या लायका-२ मध्ये ही यंत्रणा लेन्सला जोडली गेली. आत आरसा नाही, त्यामुळे लेन्सची मागची काच फिल्मच्या बरीच जवळ नेता येते. लेन्स बसते तिथून फिल्मपर्यंतचं अंतर या आट्यात २८.८ मिलिमीटर. तुझ्या मिररलेसमध्ये ते १८ आहे. मग मधे किती जाडीचा अडॅप्टर लागेल?

भाची : १०.८ मिलिमीटर. म्हणजे दूरवरचा फोकसही मिळेल.

मामा : बरोबर. आरशाच्या एसएलआरमध्ये तेवढी जागाच नसते, म्हणून तिथे या लेन्स नुसत्या अडॅप्टरवर दूरचं टिपत नाहीत. आता ज्युपिटरचं तोंड बघ. क्रमांकाचे पहिले दोन आकडे ५९ आहेत, म्हणजे ही १९५९ची. आणि हे दाराच्या चौकटीसारखं लाल रशियन अक्षर, ते काचेवर कोटिंग असल्याची खूण.

भाची : कोटिंगने इतका फरक पडतो?

मामा : खूप. हवेतून काचेत आणि काचेतून हवेत जाताना प्रत्येक पृष्ठभागावर साधारण चार टक्के प्रकाश परत फिरतो. तो नुसता वाया जात नाही, आतल्या आत उसळून सावल्यांवर पांढुरकी झाक आणतो. इंडस्टारमध्ये चार काचा तीन गटांत आहेत, १९०२च्या टेसारची ती रचना. म्हणजे हवेला लागणारे पृष्ठभाग सहा. ज्युपिटरमध्ये काचा सहा, पण गट तीनच.

भाची : म्हणजे तिथेही सहाच.

मामा : हां. लुडविग बर्टेले नावाच्या माणसाने झाइसच्या सोनार लेन्समध्ये काचा एकमेकींना चिकटवून ही युक्ती केली, १९३०च्या आसपास. तेव्हा कोटिंग नव्हतं. बारा पृष्ठभागांची लेन्स असती, तर जेमतेम साठ टक्के प्रकाश सरळ पार झाला असता. सहांत जवळजवळ अठ्ठ्याहत्तर होतो. १९३५मध्ये झाइसच्याच स्माकुला यांनी कोटिंगची रीत काढली आणि जास्त गटांच्या रचना पुन्हा परवडू लागल्या. कॅननमध्ये सहा काचा चार गटांत आहेत, म्हणजे पृष्ठभाग आठ. तिला कोटिंगचा आधार आहे.

भाची : मग कागदावरच ठरवता येईल की!

मामा : कागदावर कळते ती रचना. तुझ्या हातात आहे तो साठ-सत्तर वर्षं वापरलेला एक नग. तो कुणाच्या हातून पडला असेल, कुणी उघडून काचा चुकीच्या बसवल्या असतील. म्हणून पहिली परीक्षा टॉर्चची. छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, पूर्ण उघड, मागून तिरका उजेड टाक आणि पुढून बघ.

भाची : कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय.

मामा : बुरशी. भीमाशंकर, नाणेघाट, माळशेज या पट्ट्यात पावसाळाभर हवा ओलसर. त्यात लेन्स चामड्याच्या पाकिटात बंद ठेवली, तर बुरशीला आयतंच फावतं. फार दिवस राहिली तर कोटिंग खाते, आणि मग पुसूनही डाग जात नाही. ही कडेला आहे, थोडी आहे, चालेल. अ‍ॅपर्चरच्या पात्यांमागच्या काचेवर धुकट थर असेल तर मात्र सावध. पात्यांचं जुनं वंगण उडून तिथे बसतं, आणि सगळा फोटो फिका येतो. अशी लेन्स साफ न करता तुलनेला घेतली, तर तू रचनेची नाही, वंगणाची परीक्षा घेशील.

भाची : मग आता थेट फोटो?

मामा : आता भिंत. या तुलनेचा नियम एकच : बदलायची फक्त लेन्स, बाकी काही नाही. कॅमेरा तोच, ट्रायपॉड तोच, अंतर दोन मीटर, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स ठरवून ठेवलेला, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर. भिंतीवर वर्तमानपत्राचं बाजारभावाचं पान चिकटव. टोमॅटो-कांद्याच्या भावांचे बारीक आकडे चारही कोपऱ्यांत येतील असं बघ.

भाची : कॅमेरा भिंतीला सरळ आहे हे कसं कळणार?

मामा : पानाच्या मधोमध एक छोटा आरसा भिंतीला सपाट टेकव. कॅमेऱ्यातून बघ. आरशात तुझ्याच लेन्सचा गोल चौकटीच्या बरोबर मध्यभागी दिसला की कॅमेरा भिंतीला समांतर. किंचित कलला असला तरी एक कोपरा फोकसबाहेर जाईल आणि तू दोष लेन्सला देशील.

भाची : आणि उजेड? एक एफ १.८, एक एफ ३.५.

मामा : सारख्या छिद्राची जोडी लाव. तिघी एफ ४ला, तिघी एफ ८ला. दोघींच्या मोठ्या छिद्रांची तुलना वेगळी. या रशियन लेन्सची रिंग टकटक अडत नाही, सरकत राहते, त्यामुळे आकडा अंदाजेच लागतो. म्हणून हिस्टोग्राम बघून शटर बदल आणि सगळे फोटो सारखे उजळ कर. जरा उजळ फोटो डोळ्यांना लगेच जास्त स्पष्ट वाटतो. या एका कारणाने किती लेन्सना फुकटचं श्रेय मिळालंय!

भाची : फोकस एकदाच करून ठेवू?

मामा : छे. प्रत्येक लेन्सला, प्रत्येक छिद्राला नव्याने. स्क्रीनवर मोठं करून आकड्यांवर फोकस कर. दोन-तीनदा करून त्यातला उत्तम फोटो ठेव. सोनारच्या घराण्यात आणखी एक गोष्ट आहे : छिद्र लहान केलं की फोकसची जागा थोडी सरकते. एफ २ला फोकस करून एफ ४ला फोटो काढलास, तर आकडे मऊ येतील. ज्या छिद्राला फोटो, त्याच छिद्राला फोकस.

भाची : ज्युपिटर जवळून नीट फोकस होत नाही असं ऐकलंय.

मामा : ते लायका किंवा कॅननच्या जुन्या बॉडीवर. ज्युपिटरचं मोजमाप झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याच्या धर्तीवरचं. लायकाच्या रेंजफाइंडरशी ते दूरवर जुळतं, जवळ आलं की चुकतं. खिडकीत दोन चित्रं एकमेकांवर बसलेली, आणि फिल्मवर डोळ्यांऐवजी कान स्पष्ट. कित्येकांनी लेन्सला नावं ठेवली. तू सेन्सरवरची प्रतिमा बघूनच फोकस करतेस, त्यामुळे ती चूक मधे येतच नाही.

*(भिंतीवरचे फोटो काढून झाल्यावर, लॅपटॉपसमोर.)*

भाची : एफ ४ला मध्यभाग तिघींचा जवळपास सारखाच. इंडस्टारचे चारही कोपरे थोडे मऊ. पण ज्युपिटरचा बघा, खालचा उजवा कोपरा एकटाच पुसट, आठाचा तीन वाचला जातोय.

मामा : चार कोपरे सारखे मऊ असतील, तर ती रचनेची मर्यादा, किंवा फोकसचं प्रतल सपाट नसून वक्र. ते तपासायला कोपऱ्यावर फोकस करून आणखी एक फोटो काढ. कोपरा सुधारला तर वक्रता. एकच कोपरा बिघडलेला असेल, तर आतली एखादी काच मध्यापासून सरकलेली. तो दोष या नगाचा, सगळ्या जातीचा नाही. दुसऱ्या घरातली तीच लेन्स चोख निघू शकते.

भाची : आणि हे नवलच, एफ १६ला तिघी मऊ झाल्या! छिद्र लहान केलं की स्पष्टता वाढते ना?

मामा : एका मर्यादेपर्यंत. तू शाळेत असताना विज्ञान दिनाला खोडदला रेडिओ दुर्बीण बघायला गेली होतीस ना? तिथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत का पसरल्यात?

भाची : लांब पसरल्या की आकाशातला बारकावा जास्त कळतो म्हणून.

मामा : तोच नियम इथे. लहरी लांब असतील तर बारकाव्यासाठी तोंड मोठं लागतं. रेडिओ लहरी प्रकाशापेक्षा लाखो पटींनी लांब, म्हणून त्यांना जुन्नर-आंबेगावचं अख्खं रान लागलं. प्रकाशाला काही मिलिमीटर पुरतात, पण तेही फार कमी केलेस तर बिंदूचा ठिपका होतो. एफ १६ला हिरव्या प्रकाशाचा तो ठिपका सुमारे ०.०२१ मिलिमीटरचा. तुझ्या २४ मेगापिक्सेल सेन्सरचा एक पिक्सेल ०.००६चा. ठिपका साडेतीन पिक्सेलवर पसरला. एफ ५.६ला तो ०.००७५, म्हणजे पिक्सेलपेक्षा जरासाच मोठा. एफ १६ला कुठलीच लेन्स यातून सुटत नाही, कितीही महाग असो.

भाची : मग एफ ८च्या पुढे तुलना करण्यात अर्थ नाही.

मामा : फारसा नाही. आता गच्चीवर चल. शिवनेरीवर फोकस कर, पण सकाळीच. दुपारी तापलेल्या हवेने कडा थरथरते आणि तिघी सारख्याच वाईट दिसतात. तिथे बघायचं एवढंच, की दूरचा फोकस अडॅप्टरवर नीट लागतो का. त्यानंतरची परीक्षा तुझ्या कामाची. बाळहिरडा कुठे वाळवतात?

भाची : अंगणात, रखरखीत उन्हात. बायका मात्र पडवीच्या सावलीत बसतात. मागे उजळ अंगण, पुढे सावळा चेहरा.

मामा : मग तेच घरी उभं कर. आईला पडवीत बसव, मागे ऊन. तीनही लेन्स एफ ४ला, आणि दोघी मोठ्या छिद्राला. बघायच्या तीन गोष्टी : सावलीतला चेहरा फिका पडतो का, डोळ्यांची बुबुळं स्पष्ट येतात का, आणि मागची पानं-उजेड कसे विरघळतात. या गोष्टी बाजारभावाचं पान सांगणार नाही.

भाची : मला वाटतं मी ज्युपिटरच निवडेन. तिचे फोटो मला आधीच आवडतात.

मामा : म्हणूनच शेवटची अट. फोटोंची नावं तू ठेवायची नाहीस. भावाला सांग, त्याने फायलींना नुसते आकडे द्यायचे आणि कुठला आकडा कुणाचा ते वहीत लिहून वही स्वतःकडे ठेवायची. तू आधी निवड कर, मग वही माग. लाल अक्षर, जपानी नाव, कुणाकडून किती पैशाला घेतली, हे सगळं डोळ्यांत शिरतं आणि आपण फोटोऐवजी नावाला मत देतो.

*(दोन दिवसांनी.)*

भाची : वही बघितली मामा. चेहऱ्यांचे निवडलेले बहुतेक फोटो ज्युपिटरचे निघाले, पण एफ २चे नाही, एफ ४चे. एफ २ला मागच्या उन्हाने सगळं दुधाळ झालं होतं. अंगणभर पसरलेल्या हिरड्याच्या फोटोला मात्र मी कॅनन निवडली, एफ ८ला. आणि त्या छिद्राला इंडस्टारही तिच्या जवळपास आहे. खिशात मावते म्हणून डोंगर चढताना तीच न्यावी म्हणते.

मामा : आता तू मला पहिल्यांदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुझं तूच दिलंस. एका कामाला एक, दुसऱ्याला दुसरी. आणि हे उत्तर या तीन नगांपुरतं, या सेन्सरपुरतं आहे. फिल्मवर कोपरे वेगळे दिसतील, कारण सेन्सरपुढची जाड काच तिरक्या किरणांना थोडं वाकवते. रुंद लेन्सना तो त्रास जास्त, ५० मिलिमीटरला कमी. कुणी ‘कॅनन सरस की ज्युपिटर’ विचारलं, तर निकाल सांगू नकोस. भिंत, आरसा आणि वही कशी वापरायची ते सांग. त्याचा नग वेगळा, त्याचं काम वेगळं, त्याने त्याचा निकाल काढावा.

भाची : आणि पावसाळ्यात या ठेवायच्या कुठे?

मामा : चामड्याच्या पाकिटातून आजच काढ. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेव, आणि महिन्यातून एकदा उघडून टॉर्च मार. दसऱ्याला पुन्हा हेच पान, हेच अंतर, हेच आकडे. लेन्समध्ये काही बदल झाला असेल, तर तो आठवणीवर सोडायचा नाही. आजचे फोटो आणि वही सांभाळून ठेव.