वायर गुंतू नये म्हणून

माय, कॉलेजच्या प्रकल्पात न गुंतणारा हेडफोन करायचा म्हणतेस, तर दोन-चार गोष्टी माझ्याकडून घेऊन जा. मी इंजिनिअर नाही. पण बिछायत केंद्राच्या कामात जन्मभर माईक आणि भोंगे लावले, आणि त्याच्याही आधी वडिलांच्या हाताखाली अंबाडीचे दोर वळले. दोन्ही कामांत सगळी झटापट पिळाशीच होती. तुझ्या त्या बारीक वायरीतही तोच बसलेला आहे. म्हणून रंग, आकार, डबी हे सगळं नंतर पाहा, आधी पीळ पाहा.

पाहायचा कसा, ते सांगतो. वायरीचा हातभर लांब तुकडा दोन्ही हातांत ताणून धर. मग हात हळूहळू जवळ आण. मधला भाग खाली लोंबून नुसता मोकळा झोका झाला, तर वायर शांत आहे. पण तो स्वतःभोवतीच फिरून वेढे घेऊ लागला, तर आत पीळ शिल्लक आहे, आणि ती वायर खिशात गेली की गुंतणारच. नव्या सुताचंही असंच असतं. वर्ध्याला सेवाग्रामात कुणी चरख्यावर सूत काढत असेल तर बघ, धागा जरा सैल सोडला की लगेच त्याला आढी पडते. तू बाजारातून दहा प्रकारच्या वायरी आणशील, त्या सगळ्यांची पहिली परीक्षा हीच घे. तिला ना यंत्र लागतं, ना पैसा.

आता हा पीळ मोडायचा कसा? दोर वळणाऱ्यानं ते फार पूर्वीच सोडवून ठेवलं आहे. आपल्याकडे पऱ्हाटीच्या शेतात धुऱ्याला अंबाडी असायची. ती कापून नाल्यात भिजत घालायची, साल सुटली की वाख काढून वाळवायचा. त्या वाखाचा एक पेड उजवीकडे पीळ देऊन वळायचा, दुसराही उजवीकडेच. पण दोन्ही पेड एकमेकांत घालताना पीळ डावीकडे द्यायचा. पेड सुटायला बघतात एका बाजूला, दोर सुटायला बघतो दुसऱ्या बाजूला, आणि दोघं एकमेकांना धरून ठेवतात. बाबा म्हणायचे, "दोराचा हिशेब दोराले देऊन टाक, मंग तो तुले तरास देत नाही." बैलाचा कासरा असा वळलेला नसला तर शेतात पावलोपावली त्याचं कडं होतं आणि बैलाच्या पायात जातं.

तुझ्या वायरीच्या आत तीन किंवा चार तारा असतील. डाव्या कानाची, उजव्या कानाची, एक सामायिक, आणि माईक असेल तर चौथी. जॅकवर तीन काळ्या रेघा दिसल्या तर चार भाग आहेत असं समज. बारीक वायरीत ही प्रत्येक तार म्हणजे लाखेसारखा लेप दिलेले तांब्याचे केसाएवढे धागे असतात, नायलॉनसारख्या तंतूबरोबर वळलेले. कारखानदाराला विचार की धागे कोणत्या बाजूला वळलेत आणि तारा एकमेकींत कोणत्या बाजूला. दोन्ही एकाच बाजूला असतील तर तो माल घेऊ नको. चार तारांची वेणी घालून मिळाली तर फारच उत्तम, कारण वेणीत दोन पदर एका अंगाला जातात आणि दोन दुसऱ्या, त्यामुळे एकूण पीळ उरतच नाही.

रिळावरून वायर काढतानाही जप. रीळ आडवं ठेवून त्याच्या तोंडावरून वायर ओढलीस की दर वेढ्याला एक पूर्ण पीळ वायरीत जातो. रिळात सळई घाल आणि रीळ फिरू दे. चांगली शांत वायर या एका घाईनं बिघडलेली मी पुष्कळ पाहिली आहे.

मग गुंडाळण्याची गोष्ट. तुम्ही पोरं वायर बोटांभोवती गरगर गुंडाळता, वेढे बोटांवरून एकदम काढून खिशात टाकता, आणि संध्याकाळी एक टोक धरून ओढता. जितके वेढे, तितके पीळ. सावंगा विठोबाला गुढीपाडव्याची यात्रा असते, कापराच्या धुरात माणूस माणसाला दिसत नाही, उंच झेंड्यांना नवी खोळ चढवायला दोराच्या आधारानं माणूस वर जातो. तिथं माईकची लांबलचक वायर माणसांच्या पायांतून टाकायची, तीही एका झटक्यात. गर्दीत बसून गुंता सोडवायला सवड नसते. म्हणून आम्ही वायर उलट-सुलट वेढ्यांनी गुंडाळायचो. पहिला वेढा नेहमीसारखा, दुसरा मनगट आतल्या बाजूला वळवून उलटा, पुन्हा सुलटा, पुन्हा उलटा. एकाचा पीळ दुसरा खातो. अशी वायर फेकली की सरळ जाऊन पडते. पण एक पक्कं ध्यानात ठेव : या गुंडाळीतलं टोक वेढ्यांच्या पोटातून गेलं, तर ओढताना ओळीनं गाठी पडत जातात, एकामागून एक. टोक नेहमी बाहेर बांधून ठेवायचं.

लहान वायरीला आठाच्या आकड्याचा वेढा सोपा पडतो. अंगठा आणि करंगळी पसरून त्यांच्यावर आठ काढत जायचं. तू डबी करणार असशील तर तिच्या आत दोन खुंट्या दे, म्हणजे माणसाला आठच काढावा लागेल. गोल चकती देऊ नको. सगळे गोल चकती देतात, आणि माणूस तिच्यावरची वायर वेढे उलगडून काढत नाही, आडवी ओढून काढतो, मग दर वेढ्याला पुन्हा पीळ.

तू मोबाईलवर वाचून दाखवलेला तो अमेरिकेतला प्रयोग माझ्या मनात बसला आहे. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी 30 सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यात दोरी टाकून डबा सेकंदाला एक फेरी असा 10 सेकंद फिरवला, तेही 3,415 वेळा. 2007 साली त्यांनी ते छापलं. गाठी सुमारे 120 वेगवेगळ्या प्रकारच्या निघाल्या. दोरी साधारण 46 सेंटिमीटरहून आखूड असेल तर गाठ जवळजवळ पडतच नाही. तिथून पुढं गाठीचं प्रमाण भराभर चढतं, आणि दीड मीटरच्या पलीकडे गेलं की निम्म्या वेळा गाठ. हेडफोनची वायर सव्वा मीटरच्या आसपास असते, म्हणजे ऐन चढणीवर. ताठ दोरी कमी गुंतते, आणि डबा लहान असेल तर दोरीला लोळायला जागा मिळत नाही, म्हणून गाठीही कमी. त्यांनी कारणही सांगितलं : दोरी वेढ्या-वेढ्यांनी पडते आणि तिचं मोकळं टोक शेजारच्या वेढ्यांच्या वरून-खालून जात राहतं.

त्यातून तुझ्या कामाचं काय निघतं, ते पाहा. मोकळ्या वायरीचा तुकडा 46 सेंटिमीटरच्या आत ठेवता आला तर निम्मं काम झालं. सव्वा मीटर वायर हवीच, पण ती सगळी मोकळी असायला हवी असं कुठं आहे? सदऱ्याला अडकवायची एक चिमटी मध्ये दे. ती बंद केल्यावर वायर दोन ठिकाणी धरली जाईल अशी कर.

आणि टोकं कमी कर. गाठीला टोक लागतं. साध्या दोरीला दोन टोकं, तुझ्या हेडफोनला तीन : जॅक, डावा कान, उजवा कान. दोन्ही कानांच्या वायरी जिथं फुटतात तिथं सरकणारा मणी असतो, पण तो बहुधा इतका ढिला असतो की आपोआप खाली येतो. तो घट्ट बसेल असा कर, आणि ठेवताना कानापर्यंत वर सरकवला की दोन्ही वायरी एक होतील. मग जॅकच्या मुठीला खाच दे, तिच्यात दोन्ही कान खटकन बसले पाहिजेत. टोकं अशी जुळली की वायर बंद कडं होते. बंद कड्याला किती का हलवा, नवी गाठ पडू शकत नाही. गुंडाळी होईल, पण ती झटकली की सुटते. माझ्या मते तुझ्या सगळ्या प्रकल्पात ही खाच सर्वांत मोलाची ठरेल, आणि खर्च जवळपास नाहीच.

वायरीच्या अंगाबद्दल थोडं. चपटी वायर एकाच बाजूला वाकते, म्हणून कमी गुंतते, पण वाऱ्यात फडफडते आणि सदऱ्याला घासली की कानात खरखर येते. ताठ वायरीचंही तेच. रबरी मऊ वायर हाताला छान लागते, पण स्वतःलाच चिकटते. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो. गाडीच्या डिकीत राहिलेली स्वस्त प्लास्टिकची वायर चिकट झालेली तू पाहिली असशील, तिला मऊ ठेवणारं तेल वर येतं. कापडी विणीची वायर चिकटत नाही, घामानं मात्र विणीचे धागे कालांतरानं सुटतात. मी निवडायची म्हटली तर खालची एकेरी वायर जाडसर, कापडी विणीची, आणि कानांच्या दोन वायरी बारीक व गुळगुळीत घेईन. डाव्या-उजव्या कानाची वायर वेगळ्या रंगाची ठेव. गुंता सोडवताना कोणतं टोक कुठून आलं हे डोळ्याला दिसलं की ओढाओढी होत नाही, आणि वायर तुटते ती ओढाओढीनंच, जॅकच्या गळ्याशी. तिथं लवचीक टोपण लांब दे. डाग देताना तारेवरचा लेप सोल्डरिंगच्या तापलेल्या सळईनं आधी जाळून घे, नाहीतर कथील वरच्या वर बसतं आणि आवाज येत-जात राहतो.

तुझे मित्र विचारतील, बिनवायरीचे आले असताना हे कशाला? त्यांना सांग, रात्रपाळीच्या लाइटवर ओलिताला जाणाऱ्याला कानातलं चार्ज करत बसायला जमत नाही, आणि वावरात पडलेला एक कान सापडत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्यासाठी कर. आपलं गाव मुंबई-हावड्याच्या मुख्य मार्गावर आहे. इथं न थांबणाऱ्या गाड्या जोरात निघून जातात, आणि पोरं कानात वायर घालून रूळ ओलांडतात. एक कान काढून त्या सदऱ्याच्या चिमटीला पटकन अडकवता येईल, असं कर. न पाहता, एका हातानं. फाटकाशी माणूस एवढं करेल, त्याहून जास्त त्रास घेणार नाही.

नमुना तयार झाला की शाळेत जाणाऱ्या एखाद्या पोराच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात तो टाक, शेजारी बाजारातला एक साधा हेडफोन टाक, आणि संध्याकाळी दोन्ही काढून बघ. रोज लिहून ठेव : गाठ पडली का, कुठं पडली, सुटायला किती वेळ लागला. कानाजवळ पडत असेल तर मणी सुधार, मध्ये पडत असेल तर चिमटीची जागा बदल. वायर स्वतःभोवतीच वळलेली निघाली, तर पुन्हा हात जवळ आणून पीळ तपास.