गॅदरिंगचा नाच आणि मुलांचे गुडघे

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या की गॅदरिंगचे वारे वाहू लागतात. शाळेच्या हॉलमध्ये, व्हरांड्यात, कधी गच्चीवर नाच बसू लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत त्याचे पडसाद आमच्या दवाखान्यात उमटतात. कोणाचा घोटा सुजलेला असतो, कोणाची नडगी दुखत असते, कोणाला मांडी घालून बसता येत नाही. बरोबर आलेल्या पालकांचे म्हणणे बहुधा एकच असते, ‘‘डॉक्टर, नाच बंद करायला सांगा.’’ आजच्या लेखात आपण पाहणार आहोत की नाच बंद करणे हा यावरचा उपाय नाही. नाच नीट शिकणे हा उपाय आहे.

काही वर्षांपूर्वी लांज्याजवळच्या एका वाडीतून आठवीतली एक मुलगी वडील आणि आजोबांबरोबर आली होती. दोन्ही गुडघ्यांत वाटीच्या खाली बोटभर अंतरावर टणक उंचवटा आलेला. तिथे बोट लावले तरी ती कळवळत होती. जिना चढताना दुखे, उडी मारताना तर फारच. विचारपूस केली तेव्हा कळले, की बारा दिवस रोज दोन तास तालीम चालली होती. जागा सिमेंटचा रंगमंच, पाय अनवाणी. नाच मोबाईलवर पाहून बसवलेला. त्यात पाठोपाठ उड्या होत्या आणि शेवटी धाडकन गुडघ्यांवर बसायचे होते. त्याआधी जूनपासून या मुलीने मैदानावर पाऊलही टाकले नव्हते.

आजोबा इतका वेळ गप्प होते. तरुणपणी त्यांनी अनेक वर्षे जाखडी नाचली होती. ते म्हणाले, ‘‘आम्ही गणपतीत रात्र रात्र नाचायचो, पण गुडघा धरून कोणी बसला नाही. आमची तालीम महिना-दीड महिना आधी सुरू व्हायची. आणि नाचायचो ते खळ्यात.’’

वाचकहो, आजोबांच्या या तीन वाक्यांत जे शहाणपण आहे ते क्रीडावैद्यकाच्या पुस्तकांतही तेवढ्या थोडक्यात सापडणार नाही. ते आपण उलगडून पाहू.

जमीन कशी असावी?

आपल्याकडची जाखडी, म्हणजेच बाल्या नाच, घरापुढच्या खळ्यात होत असे. मधोमध ढोलकीवाला आणि गाणारे, भोवती फेर धरून नाचणारे, पायात चाळ. खळे मातीचे, चोपून शेणाने सारवलेले. माती घट्ट असली तरी पाय आपटल्यावर थोडा हादरा स्वतःत जिरवते. सिमेंट, फरशी आणि टाइल्स हादरा जिरवत नाहीत, तो परत पायात पाठवतात. उडी मारून खाली येताना पायांवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. मोठ्या शहरांत नृत्यशाळांत लाकडी, खाली थोडी पोकळी ठेवलेली जमीन करतात ती यासाठीच.

प्रत्येक शाळेला लाकडी जमीन परवडणार नाही, हे उघड आहे. पण तालमीचे बहुतेक दिवस मैदानातल्या सपाट, खडे वेचलेल्या मातीवर घेता येतात. रंगमंचावर शेवटचे तीन-चार दिवस पुरतात. सिमेंटवरच तालीम घ्यायची असेल तर उड्या त्या दिवशी वगळाव्यात आणि फक्त जागा व रांगा बसवाव्यात. सतरंजी अंथरून नाचू नये. ती सरकते आणि घोटा मुरगळतो. जांभ्या दगडाच्या खडबडीत कातळावर तर अनवाणी तालीम मुळीच नको.

अनवाणी पायाला जखम झाली तर ती साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताची लस झाली आहे का ते पाहावे. राष्ट्रीय लसीकरणात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्प यांवरची टीडी ही लस दिली जाते. अनेक मुलांची ही लस राहून गेलेली असते.

पाय तयार होण्यास वेळ लागतो

आजोबांची दुसरी गोष्ट तालमीच्या दिवसांची. स्नायूंना नव्या कामाची सवय काही आठवड्यांत होते. हाडांना आणि स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना त्याहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे दहा दिवसांत मुलगा दमेनासा होतो, आपल्याला वाटते तो तयार झाला, पण त्याची नडगी अजून तयार झालेली नसते. नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागते ते याच काळात. तिकडे दुर्लक्ष करून नाच रेटला, तर हाडाला केसासारखी बारीक चीर पडू शकते.

शाळकरी वयात याला आणखी एक कारण जोडले जाते. साधारणपणे मुली दहा ते तेरा आणि मुलगे बारा ते पंधरा या वयात झपाट्याने उंच होतात. हाडे आधी लांबतात, स्नायू मागे राहतात आणि ताणले जातात. मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून येऊन नडगीच्या ज्या टोकाला चिकटतो, तिथले हाड या वयात अजून कूर्चेचे, म्हणजे कोवळे असते. प्रत्येक उडीबरोबर तिथे ओढ बसते आणि ती जागा सुजते. आमच्या या मुलीला झाले होते ते हेच. १९०३ साली बोस्टनचे डॉ. ऑसगुड आणि झुरिकचे डॉ. श्लाटर या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचीच नावे मिळाली आहेत. नाव भारदस्त असले तरी विकार घाबरण्यासारखा नाही. वाढ पूर्ण झाली की दुखणे बहुधा आपोआप थांबते. तोवर उड्या आणि गुडघ्यांवर बसणे कमी करायचे, मांडीचे स्नायू रोज हळूहळू ताणायचे आणि दुखल्यास फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावायचा. चालणे-फिरणे आणि साधा नाच चालू ठेवता येतो.

शैली अनेक, पाया एकच

‘‘नाचाला कसले आले तंत्र?’’ असे अनेकांना वाटते. पण जुन्या गुरूंनी घालून दिलेले नियम नुसते शोभेसाठी नसतात. ते सांधे सांभाळतात.

भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीला आधी अरमंडी शिकवतात. पाठ ताठ, गुडघे वाकवून बाहेरच्या बाजूला. यातला मुख्य नियम असा, की गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेतच राहिला पाहिजे. पावले मोठ्या दिमाखाने बाहेर वळवली आणि गुडघे मात्र आत पडले, तर गुडघ्याला पीळ बसतो. पाय बाहेर वळवायचा तो खुब्यापासून. खुबा जेवढा वळेल तेवढेच पाऊल वळवावे. अडवू आधी विलंबित लयीत, मग मध्य आणि शेवटी द्रुत लयीत घेतात. म्हणजे भार हळूहळू वाढवण्याची सोय त्या पद्धतीतच आहे.

कथकमध्ये शरीर सरळ असते आणि तत्कारात सगळे तळवे सपाट पडतात. ते नुसत्या टाचेवर आपटले तर हादरा थेट कमरेपर्यंत जातो. चक्कर घेताना नजर एका ठिकाणी ठेवून डोके शेवटी झटकन फिरवायला शिकवतात, त्याने घेरी कमी येते. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती सुरू करून मराठी घरांतल्या मुलींपर्यंत कथक पोहोचवले. असे शिक्षण वर्षानुवर्षे चालते. लहान मुलांच्या पायांत पहिल्याच दिवशी घुंगरांचे ओझे चढवीत नाहीत, यामागेही विचार आहे.

लेझीम खेळताना गुडघे ताठ ठेवून कमरेत वाकणारी मुले पाठदुखी घेऊन येतात. गुडघे आणि खुबे वाकवावेत, पाठ सरळ ठेवावी. कोळीनृत्यातले डुलणे आणि लावणीतल्या झटपट गिरक्या यांतही वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर पूर्ण गेल्याशिवाय अंग वळवू नये. पाय जमिनीला चिकटलेला आणि अंग वळलेले, हेच गुडघ्याच्या दुखापतीचे मोठे कारण. जाखडीत पाय जोरात आपटतो तेव्हा गुडघा किंचित सैल ठेवावा, ताठ नको.

सिनेमातल्या नाचालाही माझा विरोध नाही. त्यातल्या उड्यांना मात्र एक नियम लावा. खाली येताना आधी चवडा, मग टाच, मग गुडघा वाकवून हळू उतरायचे. सोपी परीक्षा अशी, की उडीचा आवाज आला तर उडी चुकली.

पाय मुरगळला तर

घोटा मुरगळला की आपल्याकडे पहिली गोष्ट होते ती तेल लावून जोरात चोळण्याची. हे करू नये. आतला अस्थिबंध ताणलेला किंवा फाटलेला असतो, चोळण्याने सूज वाढते. पहिले दोन दिवस चोळणे नको आणि गरम शेकही नको. पाय उशीवर उंच ठेवावा, क्रेप बँडेज बेताचे बांधावे, थंड शेक द्यावा. मात्र पूर्वी सांगत तसे आठ-आठ दिवस अंथरुणात पडून राहू नये. दोन दिवसांनी, दुखणार नाही इतपत पाऊल वर-खाली हलवायला लागावे. पुढे एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव करावा, नाहीतर तोच घोटा पुन्हा मुरगळतो.

एक्सरे केव्हा काढायचा? कॅनडातल्या ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेले नियम आजही जगभर वापरले जातात. दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावरच मागच्या कडेला दाबल्यावर दुखत असेल, तर एक्सरे हवा. मुलांच्या बाबतीत शंका आली तरी दाखवून घ्यावे.

पुढील लक्षणे असतील तर वाट पाहू नका. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, सांध्याच्या सुजेबरोबर ताप, हाडावर एकाच ठिकाणी टोचणारी वेदना आणि लंगडणे. लंगडणाऱ्या मुलाने गुडघा दाखवला तरी मूळ दुखणे कधी कधी खुब्यात असते. ते वेळीच ओळखले नाही तर कायमचे नुकसान होते.

मुलींच्या आयांसाठी दोन शब्द

आपल्या देशात पंधरा ते एकोणीस वयोगटातील ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. तालमीत धाप लागणारी, चक्कर येणारी मुलगी नाजूक असते असे नाही, तिचे हिमोग्लोबिन कमी असू शकते. ते तपासून घ्या. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी वर्गाच्या खिडकीतून बाहेर जात नाही ना, तेही पाहा. ती जेवणानंतर घ्यावी. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, पालेभाजी, मासे हे सगळे आपल्या घरात आहे. तालमीला उपाशीपोटी किंवा नुसत्या चहावर पाठवू नये.

मासिक पाळीत नाचू नये असे सांगितले जाते, त्याला वैद्यकीय आधार नाही. मुलीला बरे वाटत असेल तर तिने खुशाल नाचावे, फार दुखत असेल तर विश्रांती घ्यावी. आणि दहावीचे वर्ष आले म्हणून मुलीचा नाच पार बंद करू नका. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे चांगली हालचाल करावी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडे बळकट करणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नाचात दोन्ही होते. मुलांचे मैदान निदान क्रिकेटमुळे तरी टिकते. मुलींची हालचाल मात्र याच वयात थांबते ती पुष्कळदा कायमचीच.

शिक्षकांना विनंती

१. गॅदरिंगची तालीम निदान सहा आठवडे आधी सुरू करा. पहिल्या आठवड्यात रोज वीस मिनिटे पुरेत, मग हळूहळू वाढवा.

२. सुरुवातीला दहा मिनिटे चालणे, हलके धावणे, सांधे फिरवणे. शेवटी मांडी आणि पोटऱ्या ताणणे.

३. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी.

४. नाच बसवताना गुडघ्यांवर पडणे आणि सलग उड्या टाळा. बघणाऱ्यांना त्याची उणीव भासत नाही.

५. ‘‘दुखतंय’’ म्हणणाऱ्या मुलाला नाटकी ठरवू नका. त्याला दोन दिवस बाजूला बसवून ताल धरायला द्या.

६. गावात जाखडी किंवा नमन जाणणारे वडीलधारे असतात. त्यांना शाळेत बोलवा. त्यांच्याकडून गाण्याबरोबर पाय कसा टाकावा हेही शिकता येईल.

त्या मुलीचे काय झाले, हे सांगायचे राहिले. मी तिचा नाच बंद केला नाही. तिच्या बाईंना चिठ्ठी लिहून उड्या आणि शेवटचे गुडघ्यांवर बसणे काढायला सांगितले. बाईंनीही समजुतीने ते केले. तालीम मैदानावर गेली. गॅदरिंगला ती मागच्या रांगेत उभी राहून नाचली. पुढच्या वर्षी श्रावणात आजोबांनी घरच्या खळ्यात तिला जाखडीचा पाय शिकवायला घेतला, असे तिचे वडीलच एकदा दवाखान्यात येऊन सांगून गेले.