काचपेटीतील रक्तबीज

प्रस्तावना

या पाठात आपण एका लहानशा सागरी जीवाची ओळख करून घेणार आहोत. तो दिसायला मोहक असला तरी घरातील सागरी मत्स्यालयात मोठा उपद्रव माजवतो. हा पाठ माहितीपर गद्याचा नमुना आहे. वाचताना कारण आणि परिणाम यांची सांगड कशी घातली आहे, याकडे लक्ष द्या.

मूळ पाठ

काचेच्या पेटीत गोड्या पाण्यातील रंगीत मासे पाळण्याचा छंद आपल्या परिचयाचा आहे. खाऱ्या पाण्यातील प्रवाळांची पेटी हे मात्र निराळेच प्रकरण! दर लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आसपास, प्रखर प्रकाश आणि पाण्याचा अखंड प्रवाह एवढे सांभाळले, तरच तेथे प्रवाळ जगतो. या पेटीत सच्छिद्र खडक ठेवतात. त्यांच्या छिद्रांत असंख्य सूक्ष्मजीव वस्ती करून पाणी शुद्ध राखतात, म्हणून शौकीन मंडळी त्यांना 'लाइव्ह रॉक' म्हणतात. याच खडकांच्या आडोशाने एक आगंतुक पेटीत शिरतो.

एके दिवशी खडकाच्या फटीतून तपकिरी, काचेसारखे पारदर्शक, इवलेसे फूल डोलताना दिसते. नवख्या माणसाला आनंद होतो. फुकटात एक शोभेची वस्तू मिळाली, असे त्याला वाटते. पण ते फूल नव्हे, प्राणी आहे. समुद्रपुष्प या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राण्यांपैकी ही 'एप्टेशिया' नावाची जात. प्रवाळ आणि जेलीफिश हे तिचे नातलग. पाकळ्यांसारखे जे दिसते, ते तिचे संस्पर्शक, म्हणजे भक्ष्य पकडण्याचे अवयव होत. त्यांतील दंशपेशींच्या विषाने शेजारचा प्रवाळ भाजल्यासारखा होतो, आक्रसतो आणि हळूहळू मरतो. वर्षानुवर्षे निगुतीने वाढवलेली वसाहत अशा रीतीने उजाड होताना पाहणे, ही त्या छंदिष्टाला मोठीच शिक्षा असते.

मग हा प्राणी उपटून का टाकू नये? खरी मेख येथेच आहे. धक्का लागताच तो क्षणार्धात फटीत आक्रसून बसतो आणि अंगातून पांढरे दंशधागे बाहेर टाकतो. चिमट्याने ओढावे, तर वरचा भाग हाती येतो आणि तळाचे कण खडकाला चिकटून राहतात. त्या प्रत्येक कणातून नवा प्राणी तयार होऊ शकतो. एरवीही तो सरकताना आपल्या तळव्याचे बारीक तुकडे मागे सोडतो व त्यांतून पिल्ले वाढतात. रक्ताच्या प्रत्येक थेंबातून नवा राक्षस उभा राहणाऱ्या रक्तबीजाची पुराणकथा आपण ऐकली आहे. तिचा प्रत्यय या काचपेटीत येतो. उपासमारीनेही तो सहजी मरत नाही, कारण त्याच्या शरीरात राहणारी एकपेशीय शैवाले प्रकाशाच्या साह्याने अन्न तयार करून त्याला पुरवतात.

संख्या थोडी असेल, तर चुन्याचा उपाय प्रचलित आहे. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड थोड्या पाण्यात दाट कालवतात (पानाच्या डब्यातला चुना येथे चालणार नाही, त्यात काय मिसळले असेल याचा भरवसा नसतो), पाण्याचा पंप काही वेळ बंद ठेवतात आणि सुई नसलेल्या पिचकारीने तो लगदा अलगद समुद्रपुष्पाच्या तोंडावर सोडतात. चुना अत्यंत अल्कधर्मी असल्यामुळे त्याखाली प्राण्याच्या पेशी नष्ट होतात. एका बैठकीत मात्र चार-पाचांपेक्षा अधिक समुद्रपुष्पांवर हा प्रयोग करू नये. सर्व पाण्याचा सामू एकदम चढला, तर मासेही दगावतात. हातमोजे व चष्मा वापरणे तर अनिवार्यच.

काही जण खडक बाहेर काढून उकळतात. हा मार्ग चुकूनही अवलंबू नये. खडकावर 'पॅलिथोआ' जातीचे जीव असतील, तर त्यांतील पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेबरोबर घरभर पसरते. अशा वाफेने सबंध कुटुंबे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. स्वयंपाकघरातील पातेले या कामी वापरणे म्हणजे आगीशी खेळ होय.

उपद्रव पेटीभर पसरला असेल, तर निसर्गातील शत्रूंना पाचारण करावे लागते. अंगावर तांबड्या बारीक रेघा असलेली 'पेपरमिंट' कोळंबी एप्टेशिया खाते. पण तिच्यासारखीच दिसणारी, पाठीला कुबड असलेली 'कॅमल' कोळंबी प्रवाळच फस्त करते. दुकानदाराच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा स्वतः निरखून घेणे बरे. लांब चोचीचा, केशरी पट्ट्यांचा 'कॉपरबँड' मासाही हे काम करतो. पण बंदिवासात तो अनेकदा अन्नच घेत नाही आणि झुरून मरतो. माझ्या मते एका कामासाठी असा देखणा जीव पणाला लावणे योग्य नव्हे. सर्वांत विलक्षण आहे ती 'बर्गिया' ही शंखहीन सागरी गोगलगाय. ही रात्री बाहेर पडते आणि एप्टेशियाखेरीज काहीही खात नाही. एवढेच नव्हे, तर भक्ष्याच्या दंशपेशी न पचवता आपल्या पाठीवरील बोटांसारख्या अवयवांत साठवते व स्वसंरक्षणासाठी वापरते. शत्रूचे शस्त्र शत्रूकडूनच मिळवण्याचा हा प्रकार! एप्टेशिया संपली की मात्र ती उपाशी मरते, म्हणून जाणते छंदिष्ट तिला वेळीच दुसऱ्याच्या पेटीत सोपवतात.

या सर्वांपेक्षा सोपा उपाय म्हणजे नवा खडक किंवा प्रवाळ काही आठवडे वेगळ्या पेटीत ठेवून, नीट तपासून मगच मुख्य पेटीत घेणे. भारतात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडकबांधणी करणाऱ्या सर्व प्रवाळांचा समावेश झाला. मालवण, लक्षद्वीप किंवा अंदमानच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा काढून घरी आणणे हा गुन्हा आहे.

गंमत अशी, की छंदिष्ट ज्याला शिव्याशाप देतात, तोच जीव प्रयोगशाळांत जपून वाढवला जातो. समुद्र तापला की प्रवाळ आपल्या अंगातील शैवाले गमावून पांढरे पडतात. प्रवाळ स्वतः नाजूक व मंदगतीने वाढणारे असल्यामुळे त्यांच्यावर प्रयोग करणे अवघड जाते. एप्टेशियाच्या अंगातही तशीच शैवाले असतात आणि ती भराभर वाढते. म्हणून प्रवाळांच्या या आजाराचा अभ्यास तिच्यावर केला जातो. २०१५ साली तिचा संपूर्ण जनुकीय आराखडाही प्रसिद्ध झाला.

पाठाधारित प्रश्न

१. एप्टेशिया चिमट्याने ओढून काढल्यास ती कमी होण्याऐवजी का वाढते?
२. चुन्याचा लगदा वापरताना कोणती काळजी घ्यावी व का?
३. 'रक्तबीज' या पुराणकथेतील उल्लेखामुळे कोणता मुद्दा स्पष्ट होतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या परिसरात झपाट्याने पसरणाऱ्या एखाद्या वनस्पतीविषयी किंवा प्राण्याविषयी आठ-दहा ओळी लिहा.