थंडीत खुराडं किती बंद ठेवायचं?

दिवाळी आटोपते, सोयाबीन आणि मका घरात येतो, रब्बीच्या पेरणीची घाई सुरू होते. या दिवसांत परसातल्या कोंबड्यांकडे पाहायला घरात कुणाला सवड नसते. मग डिसेंबरात एखाद्या पहाटे हुडहुडी भरते आणि सगळ्यांना एकदम खुराडं आठवतं. खताच्या रिकाम्या गोण्या, जुनी ताडपत्री, फाटकं घोंगडं, हाताला लागेल ते त्याच्याभोवती गुंडाळलं जातं. एक फटसुद्धा राहू द्यायची नाही! आठ-दहा दिवसांत कोंबड्या शिंकू लागतात, डोळे पाणावतात, आणि खापर थंडीवर फोडलं जातं.

वाढलेल्या कोंबडीला आपल्याकडची थंडी सहसा मारत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. पिसं फुलवून ती अंगालगत उबदार हवेचा थर धरून ठेवते. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरला तरी कोरड्या आणि वारा न लागणाऱ्या जागी बसलेली गावठी कोंबडी रात्र निभावून नेते. तिला सोसत नाही ती ओल आणि कोंडलेली हवा. विष्ठेतून निघणारा अमोनिया बंद खुराड्यात साठला की डोळ्यांना आणि श्वासनलिकेला इजा करतो आणि सर्दी-घरघरीच्या रोगजंतूंना आयती वाट मिळते. त्यातून छप्पर पत्र्याचं असेल तर कोंबड्यांच्या श्वासातली वाफ पत्र्याला आतून धरते आणि पहाटे तिचे थेंब खालच्या गादीवर गळत राहतात. पत्र्यावर उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा जाडसर अंथरून दोरीने बांधला तर हे गळणं बरंच थांबतं.

हवा कोंडली आहे का, हे पाहायला यंत्र लागत नाही. भल्या पहाटे, दार उघडताच आतल्या बाजूला उकिडवे बसा आणि कोंबडी जिथे श्वास घेते त्या उंचीला तोंड नेऊन दोन-चार श्वास घ्या. उभ्याने अमोनियाचा वास कळत नाही. नाकात झिणझिण्या आल्या, डोळे चुरचुरले, तर कोंबड्या रात्रभर त्याच हवेत बसल्या होत्या असं समजा.

जाळीच्या बाजूंना गोणपाटाचे पडदे लावा. प्लास्टिकने वारा अडतो, पण ओलही आतच राहते. पडदा वरून खाली सोडण्याऐवजी खालून वर ओढायचा बांधा, म्हणजे कोंबड्या बसतात तिथवर वारा अडेल आणि छपराखाली वीत-दीड वीत जागा उघडी राहील. गरम, दमट हवा वर चढून तिथूनच बाहेर जाते. सूर्य कलला की पडदे ओढायचे आणि ऊन पडलं की उघडायचे. आपल्याकडे पहाटे आठ अंश आणि दुपारी तीस, असे दिवस हिवाळाभर असतात. त्यामुळे पडदा एकदा बांधून संक्रांतीनंतरच सोडायचा, हे चालत नाही. कोकणपट्टीत थंडी बेताची असते, तिथे वाऱ्याच्या एका बाजूला आडोसा पुरतो. तिथली खरी काळजी मुंगसाची आणि सापाची, म्हणून जाळीचं भोक बारीक हवं आणि दाराखालची फट बुजवलेली हवी.

खाली भाताचा तूस, भुईमुगाची टरफलं किंवा लाकडाचा भुसा चार ते सहा इंच घाला. उन्हाळ्यात दोन-तीन इंच पुरतात, हिवाळ्यात जाड गादीच ऊब धरते. ती रोज खालीवर करा. मूठभर गादी हातात घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ओल जास्त झाली, हळूहळू सुटला तर ठीक. ओला भाग, विशेषतः पाण्याच्या भांड्याभोवतीचा, काढून टाका आणि तिथे कोरडी गादी व थोडा चुना मिसळा. बसायला दीड-दोन फूट उंचीवर लाकडी दांडी द्या. ती दोनेक इंच रुंद आणि वरून सपाट असली म्हणजे कोंबडीला पंजे पोटाच्या पिसांखाली झाकून घेता येतात. लोखंडी पाइप स्वस्तात मिळतो म्हणून लावू नका, पहाटे तो बर्फासारखा गार पडतो. सकाळी कोंबड्या सोडायची घाईही नको. दहिवर उडून गवत सुकलं की सोडा.

आता खाण्याकडे वळू. या हंगामात थंडीपेक्षा जास्त नुकसान इथेच होतं. थंडीत कोंबडी ऊब राखण्यासाठी थोडं जास्त खाते, म्हणून संध्याकाळी खुराड्यात जाण्याआधी मका, ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी टाकावी. दाणे रात्रभर सावकाश पचतात आणि अंगात ऊब राहते. अंधार पडल्यावर एक-दोन कोंबड्यांच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपून पाहा. ती भरलेली लागली पाहिजे. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. घात होतो तो कुठले दाणे टाकले त्यावर.

घरात नवा मका नुकताच आलेला असतो. परतीच्या पावसात भिजलेली कणसं, बुरशी धरलेले दाणे निवडून बाजूला काढले जातात आणि माणसाला चालत नाहीत म्हणून कोंबड्यांपुढे टाकले जातात. याच बुरशीत अफ्लाटॉक्सिन तयार होतं. त्याने यकृत खराब होतं, अंडी घटतात, आणि रोगप्रतिकारशक्ती खालावल्याने टोचलेल्या लसीचाही पुरता उपयोग होत नाही. कोंबडी एका दिवसात मरत नाही, त्यामुळे संशय मक्यावर जातच नाही. हिरवट-काळी भुकटी धरलेला दाणा उकिरड्यावरही टाकू नका, कोंबडी तिथेच चरते. तो खोल पुरा. चांगला मकाही कडक उन्हात वाळवून, दाताखाली कटकन फुटेल इतका कोरडा झाल्यावरच साठवा.

सोयाबीनचंही तसंच. भाव पडले की घरचंच सोयाबीन भरडून कोंबड्यांना घालावं, असा विचार मनात येतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, त्यामुळे प्रथिनं पोटात जातात आणि अंगी लागत नाहीत. चांगलं भाजून, मग भरडून, इतर धान्यात मिसळलं तर मात्र उत्तम.

तिसरी गोष्ट पेरणीची. हरभरा आणि गव्हाच्या बियाण्याला बुरशीनाशक, कीटकनाशक चोळलेलं असतं. पाभरीतून सांडलेले, गोणीच्या तळाशी उरलेले लाल-गुलाबी दाणे अंगणात झटकले गेले की कोंबड्या ते टिपतात. कीटकनाशक लावलेल्या बियाण्याने थेट विषबाधा होते. थायरमसारखं बुरशीनाशक पोटात गेलं तर अंड्यांची कवचं मऊ पडतात, पाय अधू होतात. पेरणी झाली की गोण्या शेतातच झटका आणि सांडलेलं बियाणं मातीखाली घाला. तुरीवर अळीसाठी फवारणी झाली असेल तर त्या वावराकडे कोंबड्या काही दिवस जाऊ देऊ नका. मेलेल्या अळ्या त्या आवडीने खातात. उंदरांच्या औषधाबद्दल वेगळं सांगायला नको.

पाणी सकाळी कोमट द्यावं. रात्रीचं गार पाणी कोंबड्या कमी पितात आणि पाणी कमी झालं की खाणंही घटतं. पाण्यातून औषध द्यायचं असेल तर हे ध्यानात ठेवा. उन्हाळ्याइतक्याच पाण्यात मिसळलं तर निम्मं भांड्यातच राहतं. दोन-तीन तासांत संपेल इतकंच पाणी घ्या. आणि अंगणाच्या उन्हाच्या कोपऱ्यात राख-माती मिसळलेलं एक घमेलं किंवा खड्डा असू द्या. थंडीत पिसं दाट होतात आणि त्यांत उवा लपतात. कोंबडी मातीत लोळली की त्या आटोक्यात राहतात.

थंडी पडली, अंडी थांबली, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. इथेही थंडीपेक्षा उजेडाचा हात मोठा आहे. अंड्यांचं चक्र दिवसाच्या लांबीवर चालतं आणि भरपूर अंड्यांसाठी चौदा तासांच्या वर उजेड लागतो. डिसेंबरअखेर आपला दिवस जेमतेम अकरा तासांचा. त्यात अनेक कोंबड्या याच सुमारास जुनी पिसं टाकतात आणि खाल्लेली प्रथिनं नव्या पिसांत जातात. अशा वेळी अंड्यासाठी औषधांच्या बाटल्या आणणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. दहा-पंधरा गावठी कोंबड्या असतील तर त्यांना हा विसावा घेऊ द्यावा, असं माझं मत. तोवर शेवग्याचा पाला, लसूणघास आणि कुटलेले शिंपले देत राहा. गिरिराज, वनराज, आरआयआर अशा सुधारित जातींचे पन्नास-साठ पक्षी अंड्यांसाठीच ठेवले असतील तर दिव्याचा खर्च भरून निघतो. दिवा पहाटे चार-साडेचारला लावा. संध्याकाळी लावून मध्येच बंद केला तर अंधारात कोंबड्यांना दांडी सापडत नाही, त्या खालीच बसून राहतात. अजून अंड्यावर न आलेल्या तलंगांना जादा उजेड देऊ नका, त्या लवकर अंड्यावर येतात आणि बारकी अंडी देतात.

खरी थंडी बाधते ती पिल्लांना. खडकी, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरच्या सरकारी उबवणी केंद्रातून वा खासगी हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं आणली असतील तर पहिले तीन-चार आठवडे त्यांना आईची ऊब आपणच द्यायची. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. हिशेब ढोबळ आहे: पिल्लामागे दोन वॅट. पण तो जुन्या तारेच्या बल्बचा. दुकानात आता एलईडीच मिळतो आणि त्यात उजेड असतो, ऊब नसते. नऊ वॅटचे चार एलईडी लटकवले तरी पिल्लं गारठणारच. तारेचा बल्ब किंवा ब्रूडरचा खास दिवा शोधून आणा. एक मोठा लावण्यापेक्षा दोन लहान लावा, रात्री एक गेला तरी दुसरा राहतो. भोवती पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं गोल कडं करा. चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात.

तापमापक नसला तरी पिल्लंच सांगतात. दिव्याखाली गठ्ठा करून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजते आहे, कड्याला चिकटून चोची उघडून बसली असतील तर उकडतं आहे. सगळीकडे पसरून खात-पित असतील तर दिव्याला हात लावू नका. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या घट्ट बूच लावून, गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवा. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नका. तिच्या वायूला वास नसतो. पिल्लं जातात, आणि शेजारी झोपलेली माणसंही जाऊ शकतात.

लसीकरणाचं वेळापत्रक सांगायला सोपं आहे. मानमोडीसाठी लासोटाचा थेंब पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा चौथ्या आठवड्यात, गंबोरो चौदाव्या दिवशी, देवीची लस सहा ते आठ आठवड्यांत, आणि आठ आठवडे झाल्यावर मानमोडीचं आर-टू-बी इंजेक्शन. अडचण वेगळीच असते. लसीच्या एका कुपीत शंभर-दोनशे मात्रा असतात आणि आपल्या दारात कोंबड्या पंधरा. फोडलेली कुपी तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली उद्या चालत नाही. म्हणून गल्लीतल्या आठ-दहा घरांनी पशुसखीला गाठून एकच दिवस ठरवावा. लस बर्फ घातलेल्या थर्मासातून आणावी आणि पहाटे, कोंबड्या सोडण्याआधी सगळ्यांना द्यावी. शिंकणाऱ्या, मलूल कोंबडीला त्या दिवशी देऊ नये. जंताचं औषध लसीच्या आठवडाभर आधी होऊ द्या. रात्री खुराड्याजवळ पाच मिनिटं थांबून कान द्या. दिवसाच्या गडबडीत न कळणारी घरघर तेव्हा स्पष्ट ऐकू येते.

बर्ड फ्लूची धास्तीही याच महिन्यांतली. देशातला पहिला उद्रेक नोंदला गेला तो २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नवापूरला, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यातही हा रोग आढळला. हिवाळ्यात जलाशयांवर स्थलांतरित पक्षी उतरतात, म्हणून कोंबड्या तळ्याकाठी चरायला जाऊ देऊ नका. त्यांचं खाणं-पाणी कावळे-बगळ्यांना मिळेल असं उघड्यावर ठेवू नका. बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. एकाएकी पटापट मर लागली तर मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकू नका आणि उरलेल्या घाईने विकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा.

खुडूक कोंबडी बसवायला मात्र हाच मोसम चांगला. उन्हाळ्यात अंडी लवकर बिघडतात, पावसाळ्यात पिल्लं रोगाला बळी पडतात. थंडीत कोंबडीखाली दहा-बाराच अंडी ठेवा, जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. अंडी सात दिवसांच्या आतली हवीत. सातव्या-आठव्या रात्री बॅटरीसमोर धरून पाहा. ज्यात लाल शिरांचं जाळं दिसत नाही ते काढून घ्या. डिसेंबरच्या मध्याला बसवलेल्या कोंबडीची पिल्लं एकवीस दिवसांनी, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघतील. त्यांना दिवा लागणार नाही, आईच पंखाखाली घेईल. मार्गशीर्षात गिऱ्हाईक कमी असतं, पण या पिल्लांतले नर जून-जुलैत किलो-सव्वा किलोला येतात, आणि तेव्हा आखाडासाठी गावठी कोंबडा शोधत लोक दारात येतात. माद्या मात्र विकू नका. त्या पावसाळ्यात अंड्यावर येतील.